बहिणीच्या ग्लासातला गाळ

"दादा, आमच्या पाण्यात किती घाण हाय, सांगून पटायचं न्हाई तुला. डोळ्यानं बघितलं मी."

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. ती कोल्हापुरात कळंब्याकडं राहते, चार वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटमध्ये. घरात सात महिन्यांचा नातू. त्याला नुकतीच भाताची पेज आणि वरचं पाणी सुरू केलेलं.

झालं असं होतं की सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दारात आला आणि पाणी फुकट तपासून देतो म्हणाला. त्यानं दोन काचेचे ग्लास मागून घेतले. एकात तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे पाण्यातले क्षार पडद्यातून गाळून काढणाऱ्या मशीनचं. दोन्ही ग्लासांत सळ्या बुडतील असं एक यंत्र वर ठेवलं आणि प्लग लावला. मिनिटाभरात नळाचं पाणी आधी हिरवट झालं, मग तपकिरी, आणि वर फेसासारखा गाळ तरंगायला लागला. आरओचं पाणी होतं तसं नितळ. "काकू, हेच तुम्ही बाळाला पाजताय," असं तो म्हणाला. मशीनची किंमत साडेअठरा हजार. बहिणीनं पैसे उद्या देतो म्हणून सांगितलं आणि लगेच मला फोन लावला.

त्या मुलाचा मला फार राग नाही. त्याला जे शिकवलं ते तो करत होता. पण घरात तान्हं बाळ असलेल्या बाईला असं घाबरवायचं, याचा मला अजूनही संताप येतो. कारण तो प्रयोग मला पाठ आहे. शिवाजी पेठेतल्या एका हायस्कूलमध्ये मी २९ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. विद्युत अपघटनाची मांडणी किती वर्गांसाठी केली असेल, मोजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत सामान भरून गेलो. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे, वायरी, तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणि एच टू एसच्या चार बाटल्या. या बाटल्यांबद्दल पुढं सांगतो, त्या महत्त्वाच्या आहेत. नशिबानं तो मुलगा चव बघा म्हणून आपली अर्धी बाटली ठेवून गेला होता. त्याच्याच बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं. दोन्ही खिळे बुडवले, वायरी बॅटरीला जोडल्या. बहीण, दाजी, सून असे सगळे टेबलाभोवती उभे. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग बहिणीला म्हटलं, चिमूटभर मीठ आण. तिच्याच मिठाच्या डब्यातलं मीठ त्याच पाण्यात टाकून ढवळलं. एका खिळ्यावर बुडबुडे धरले, दुसऱ्याभोवती हिरवट ढग उठला, आणि बघता बघता तोच तपकिरी गाळ.

"आता ही घाण आली कुठनं?" मी विचारलं.

बहीण मिठाच्या डब्याकडं बघत राहिली.

घाण खिळ्यातली आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की एक खिळा झिजतो, त्याचं लोखंड पाण्यात उतरतं, आधी हिरवट दिसतं आणि हवा लागली की गंजाच्या रंगावर जातं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वीज वाहत नाही आणि खिळा झिजत नाही. म्हणजे त्या यंत्रानं एवढंच सांगितलं की एका ग्लासात क्षार जास्त आहेत, दुसऱ्यात कमी. शहाळ्याच्या पाण्यात त्या सळ्या बुडवल्या तर तिथंही गाळच उठेल. कुणी हा प्रयोग दाखवायला आलं तर त्याच्याच पाण्यात मीठ घालायला सांगा. मात्र घरच्या प्लगवर स्वतः असलं काही करू नका, पाण्यात मेन्सची वीज म्हणजे जिवाशी गाठ.

इथवर बहिणीचा जीव भांड्यात पडला होता. मग मी टीडीएस मीटर काढला. माझ्या घरी मंगळवार पेठेत नळाच्या पाण्याचा आकडा ८८ आला होता, तेवढाच इथंही येईल असं धरून चाललो होतो. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाला आला ६१८.

"मग पोरगं खरंच बोलत हुतं की," दाजी म्हणाले.

यावर मी गप्प बसलो. प्रयोग फसवा होता, पण आकडा फसवा नव्हता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, एका लिटरमागं मिलिग्रॅममध्ये. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं धरलंय. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. म्हणजे ६१८ हे विष नव्हे. पण कोल्हापूरच्या नळाला ६१८ येतंच कसं?

मला हे पटेना, कारण आपलं पाणी कुठून येतं ते बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, यांची पंचगंगा. ही सगळी सह्याद्रीच्या पावसाची पाणी आहेत, काळ्या कातळावरून पटकन वाहून येणारी. क्षार विरघळायला त्यांना वेळच मिळत नाही. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं, तेही असंच डोंगरातलं. साबणाला चटकन फेस येतो, तूरडाळ दोन शिट्ट्यांत शिजते, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत नाही. सोलापूरकडच्या नातेवाइकांना विचारा, अशा पाण्याची किंमत ते सांगतील. आमच्या पेठेत पाण्याचा खजिना नावाची जागा आहे. कळंब्याच्या तलावाचं पाणी तिथं येऊन शहराला मिळायचं. पाण्याला खजिना म्हणणारं हे गाव आहे, आणि त्याच कळंब्याजवळ राहणारी माझी बहीण बोअरचं पाणी पीत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

दाजी आणि वॉचमनला घेऊन खाली गेलो. पार्किंगमधल्या टाकीचं झाकण उघडलं. आत तीन तोंडं. एक महापालिकेच्या नळाचं, अर्ध्या इंचाचं. दुसरं बोअरचं, जाडजूड. तिसरं टँकरचा पाइप घालायला ठेवलेलं. नळाच्या तोंडाला बाटली लावली, मीटरवर ९४. बोअर चालू करायला लावलं, ७९०. सगळं एकाच टाकीत पडतं, तिथून मोटारीनं गच्चीवर जातं आणि संडासापासून देव्हाऱ्यातल्या तांब्यापर्यंत एकच पाणी चौदा फ्लॅटांत उतरतं. नळाचं पाणी दिवसाआड दीड-दोन तास येतं, बाकी भरती बोअरची. चार वर्षांत एकाही माणसानं हे झाकण उघडून बघितलं नव्हतं. डाळ शिजत नाही म्हणून बहीण दुकानदाराला बोल लावायची. गिझरची कॉइल दोनदा बदलली होती.

मीटर फक्त एकूण बेरीज सांगतो, त्यात काय काय आहे ते सांगत नाही. म्हणून बोअरचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत दिलं. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन, तेच पाणी आधी दोन-तीनदा घालून विसळून घेतलेला. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांच्याकडचीच निर्जंतुक बाटली घ्यायची असते, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. अहवाल आला. काठिण्य ४३०, मानकात चांगलं धरतात २०० पर्यंत. आणि नायट्रेट ५८. मानक ४५.

त्या ५८ नं मी रात्रभर जागा होतो. काठिण्यानं डाळ शिजत नाही, केस राठ होतात, भांड्याला थर बसतो, एवढंच. नायट्रेटचं तसं नाही. मोठ्या माणसाला थोड्या जादा नायट्रेटनं फारसं काही होत नाही, पण काही महिन्यांच्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते. प्रमाण फार वाढलं तर बाळ निळं पडतं. ते जमिनीत येतं खतातून आणि सेप्टिक टँकमधून. त्या भागात इमारती झाल्या त्याआधी उसाची शेतं होती, आणि आता प्रत्येक इमारतीला सेप्टिक टँक आहे. आणखी एक गोष्ट मला छळत होती. बहीण नातवासाठी पाणी वीस-वीस मिनिटं उकळत होती. तिला वाटायचं, जितकं उकळावं तितकं शुद्ध. उकळल्यानं जंतू मरतात, आणि त्यासाठी पाणी खळखळून उकळलं की एक मिनिट पुरतं. नायट्रेट मात्र उडून जात नाही. वाफ जाते, नायट्रेट मागं राहतं आणि उरलेल्या पाण्यात ते जास्तच दाट होतं. माया करता करता ती उलटं करत होती, आणि यात तिचा काही दोष नव्हता. आपल्याला लहानपणापासून पाणी उकळून प्या एवढंच सांगितलंय. कशासाठी उकळायचं आणि कशाला उकळून उपयोग नाही, हे सांगितलेलं नाही.

त्याच दिवसापासून बाळासाठी पाणी नळाच्या तोंडावरूनच भरायचं ठरवलं. नळ आला की दाजी खाली जाऊन दोन कळशा भरून आणायचे. गुडघा दुखतो त्यांचा, तरी एक दिवस चुकवला नाही.

आता कुणी म्हणेल, मग आरओ घेऊन टाकायचा होता, नायट्रेटही काढतो तो. खरं आहे, आरओचा पडदा नायट्रेटसुद्धा बराचसा काढतो. ज्यांना बोअरशिवाय दुसरं पाणीच नाही आणि त्यात क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आहे, त्यांनी तो घ्यावाच. पण इथं टाकीच्या तोंडाशी ९४ चं गोड पाणी येत होतं. ते बोअरमध्ये मिसळून खराब करायचं आणि मग चौदा घरांत चौदा मशीन बसवून पुन्हा गोड करायचं, हे माझ्या मनाला पटेना.

शिवाय आरओ पाणी सांडतो. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींकडं मशीन होतं. त्यांच्या परवानगीनं मागचा बारीक पाइप बादलीत सोडून मोजलं. एक लिटर शुद्ध पाणी भरेपर्यंत बादलीत पावणेतीन लिटर जमा झालं. एका घराला दिवसाला वीस लिटर धरा, म्हणजे पंचावन्न लिटर मोरीत. चौदा घरांचे ७७० लिटर रोज. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं केंद्र सरकारला सांगितलं होतं की जिथं टीडीएस ५०० च्या आत आहे तिथं आरओ वापरायला बंदी घाला, आणि जिथं तो लागतो तिथं निदान ६० टक्के पाणी हाती येईल असं बघा. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता. तुमच्याकडं आरओ असेलच तर ते सांडपाणी फरशीला, बाथरूमला, भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरा. कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार दाट झालेले असतात.

वहिनींच्या मशीनचं आणखी एक सांगायलाच हवं. त्यांच्या पाण्याचा टीडीएस आला २२. त्या खूश झाल्या. मी विचारलं, सर्व्हिसिंग कधी झालं? दोन वर्षं झाली असतील, पाणी छान येतंय म्हणून कुणाला बोलावलंच नाही. मग पिशवीतली एच टू एसची बाटली काढली.

ही छोटी बाटली असते, आत औषध लावलेला कागद किंवा पावडर. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातच उबदार जागी ठेवायची. पाण्यात आतड्यातले जंतू असतील, म्हणजे कुठून तरी मैला मिसळत असेल, तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडतं. नाहीतर पिवळसरच राहतं. गावोगावी जलसुरक्षक हीच बाटली वापरतात. प्रयोगशाळेची सर हिला नाही, पण घरच्या माणसाला डोळ्यांनी दिसेल अशी दुसरी इतकी सोपी तपासणी मला माहीत नाही.

वहिनींची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी ठिक्कर.

२२ टीडीएसचं पाणी, आणि बाटली काळी. त्यांना हे खरंच वाटेना. पण मशीन उघडल्यावर कारण समोर आलं. आत कार्बनची कांडी असते, ती आधी पाण्यातलं क्लोरीन काढून घेते, कारण क्लोरीननं आरओचा पडदा खराब होतो. म्हणजे आतल्या टाकीत साठतं त्या पाण्याला राखणदार उरत नाही. पुढं यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा असतो, तो दोन वर्षं जुना. तो पेटतो, निळा उजेड दिसतो, पण जंतू मारणारा किरण आपल्या डोळ्याला दिसतच नाही आणि तो वर्षभरात मंदावलेला असतो. प्लॅस्टिकच्या टाकीला आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत. पाणी मशीनमध्ये शिरताना ठीक होतं, मशीनच्या टाकीत बिघडत होतं.

टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. हे वाक्य मी गेल्या चार महिन्यांत किती जणांना सांगितलं असेल. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. काविळीचा विषाणू पाण्यात असला तरी मीटरचा काटा तसूभर हलत नाही. आपल्याकडं आजारी पाडतं ते बहुतेक वेळा पाइपात शिरलेलं गटाराचं पाणी, क्षार नव्हेत. जुन्या पेठांत नळाची आणि गटाराची लाइन शेजारून जाते. नळ बंद असला की पाइप रिकामा होऊन आत ओढ तयार होते, आणि कुठं गळती असेल तर बाहेरचं पाणी आत येतं. म्हणून नळ आल्यावर पहिली पाच मिनिटं पाणी सोडून द्यायची आमच्या आईची सवय होती, ते पाणी ती अंगणात सडा मारायला घ्यायची. मी अजून तसंच करतो.

आणि नळाच्या पाण्याला येणाऱ्या पावडरीच्या वासाला लोक नाकं मुरडतात, त्यांना माझी विनंती आहे की मुरडू नका. तो वास म्हणजे शुद्धीकरण केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत सोबत आलेला पहारेकरी. घरच्या नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं मानक सांगतं. भांडं तासभर उघडं ठेवलं की वास बराच कमी होतो. ज्या दिवशी वास अजिबात येत नाही त्या दिवशी मी पाणी उकळतो.

इतकं सगळं दुसऱ्यांना सांगत होतो, तेव्हा एके दिवशी बायको म्हणाली, "आपल्या टाकीचं बघितलासा का कधी?" तिचं बरोबर होतं. नळाच्या तोंडाची बाटली पिवळी राहिली होती, पण गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या पाण्याची बाटली दीड दिवसात काळी पडली. वर जाऊन बघतो तर झाकणाला हातभर चीर, आत पारव्याची पिसं आणि तळाला दोन बोटं गाळ. आम्ही दोघं दीड वर्ष ते पाणी पीत होतो, आणि मध्ये दोनदा बायकोला जुलाब झाले तेव्हा बाहेरच्या खाण्यावर ढकललं होतं. टाकी उपसून घासली, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पाणी करून भिंतींना फिरवलं, अर्धा दिवस तसंच ठेवलं, मग दोनदा धुतली. नवं झाकण साडेतीनशेला मिळालं. त्यानंतर बाटली पिवळी. तेवढ्यासाठी एकही मशीन लागलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बहिणीच्या इमारतीची मीटिंग झाली. मी बाहेरचा माणूस, पण दाजींनी मला बोलवून घेतलं. अहवालाच्या झेरॉक्स काढून नेल्या होत्या. दोन बाटल्याही, एक वहिनींची काळी, एक नळाची पिवळी. बोलणं लांबलं. कुणी म्हणालं, आमच्याकडं आधीच आरओ आहे, आम्ही पैसे का द्यायचे? कुणी म्हणालं, बिल्डरकडं जा. सेक्रेटरी शांत माणूस. त्यांनी ७७० लिटरचा हिशेब वहीत स्वतः करून बघितला आणि म्हणाले, "म्हंजे उन्हाळ्यात आपण टँकर मागवायचा, आणि त्यातलं मोरीत सोडायचं." तिथून बोलण्याची दिशा बदलली.

ठरलं ते असं. नळाचं पाणी मोठ्या टाकीत पडू द्यायचं नाही. त्याला खाली स्वतंत्र हजार लिटरची टाकी, अर्ध्या एचपीची मोटार, गच्चीवर दुसरी हजाराची आणि तिथून बाहेरच्या भिंतीवरून प्रत्येक स्वयंपाकघरात फक्त एक नळ. बाकी सगळं बोअरवर. प्रत्येकी ४३०० रुपये आले. साडेअठरा हजारांच्या मशीनपुढं हा आकडा ठेवला तेव्हा शेवटचे दोघंही तयार झाले. प्लंबरनं मे महिना खाल्ला, लग्नसराईत माणसं मिळत नव्हती म्हणून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लाइन चालू झाली.

फिल्टर लागतच नाही असं मी म्हणत नाही. गच्चीवर टाकी आली म्हणजे जोखीम आली, आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. बहिणीला आम्ही यूव्ही आणि यूएफ असलेला साधा फिल्टर घेतला. आधी गाळ अडवणारी कांडी, तिला मेकॅनिक स्पन म्हणतात. मग वास काढणारा कार्बन, मग यूएफची बारीक नळ्यांची जाळी आणि शेवटी यूव्हीचा दिवा. क्षारांना हात लावत नाही, पाणी सांडत नाही. यूव्हीची एक अट आहे, पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांच्या सावलीत लपतात. म्हणून पावसाळ्यात स्पनवर लक्ष ठेवायचं, पांढरी कांडी चॉकलेटी झाली की वेळापत्रकाची वाट न बघता बदलायची. कांडी आणि दिवा बदलल्याची तारीख बहिणीनं मार्करनं फिल्टरच्या अंगावरच लिहून ठेवली आहे, आणि मेकॅनिक आला की जुना माल तिथंच ठेवून जा म्हणते. तेवढं केलं की नवा माल खरंच बसतो.

पण यूव्ही काय, आरओ काय, सगळे विजेवर चालतात. ऑगस्ट २०१९ मी विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ती केव्हाच ओलांडून वर गेलेली. उपसा केंद्रंच पाण्यात गेली. चारी बाजूंनी पाणी आणि शहराच्या नळाला थेंब नाही. लोक टँकरमागं कळशा घेऊन धावत होते. वीज नव्हती, म्हणून घराघरांतली मशीन भिंतीवर नुसती टांगलेली. आमच्या गल्लीनं तेव्हा जुन्या बायकांच्या सांगण्यावरून पाणी केलं. टँकरचं पाणी चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळायचं, तुरटीचा खडा दोन-चार वेढे फिरवायचा, तासभर न हलवता ठेवायचं, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. आणि मग मेडिक्लोरचे, म्हणजे पाण्यात घालायच्या क्लोरीनच्या औषधाचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मापानं, आणि अर्धा तास थांबायचं. क्रम महत्त्वाचा. गढूळ पाण्यात औषध टाकलं तर ते मातीवरच खर्ची पडतं. त्या आठवड्यात गल्लीतल्या एकाही घरात उलटी-जुलाबाचा माणूस झाला नाही. तुरटीचा खडा आणि मेडिक्लोरची बाटली तेव्हापासून आमच्या फडताळात असते. बाटली दर पावसाळ्याला नवी आणतो, कारण जुन्या औषधाचा जोर जातो.

पाणी शुद्ध झाल्यावरही थोडं उरतंच. पिपात हात बुडवून ग्लास भरला की सगळं केलेलं वाया. बायकोनं आमच्या पिण्याच्या पातेल्यावर लांब दांड्याचं ओगराळं टांगून ठेवलंय, आणि पाहुण्यांच्या पोरांनासुद्धा ती त्याशिवाय पाणी घेऊ देत नाही. बहिणीकडं आता तोटीचा माठ आहे. रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरायचीही तिची पद्धत आहे. रात्रभरात तांबं बरेचसे जंतू मारतं हे खरं आहे, हंडा चिंचेनं आतून घासलेला असेल तर. पण नायट्रेटला तांबं काही करत नाही, हे आता तिला ठाऊक आहे.

लाइन चालू झाली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो नाही. दोन बाटल्या तिच्याकडं आधीच देऊन ठेवल्या होत्या आणि मीटरही तिथंच होता. संध्याकाळी तिनं आकडा सांगितला, १०२. त्या रात्री कुकरला डाळ तीन शिट्ट्यांत शिजली हेही सांगितलं. बाटलीला दोन दिवस थांबायचं होतं. नव्या टाकीत, नव्या पाइपात काय असेल याची मला धाकधूक होती, टाकी आधी टीसीएलनं धुवून घेतली होती तरीही.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला फोन वाजला. मागं बाळाचा आवाज येत होता, भांड्यावर चमचा आपटत असावा.

"दादा, पिवळीच हाय रं बाटली. त्याला पेज घालू का आता ह्याच पाण्याची?"

"घाल," म्हटलं.